हरणाऱ्याचा तो एक गुण परत आणा

24 डिसेंबर 2024 ला प्रो कबड्डीच्या गुणतक्त्यात यू मुंबा आणि तेलुगू टायटन्स या दोघांच्याही नावापुढे 66 गुण होते. टायटन्सचे सगळे 22 सामने संपले होते. मुंबाचा एक उरला होता, तोही पुण्यात बालेवाडीला, बंगाल वॉरियर्झविरुद्ध. बाद फेरीची शेवटची जागा या दोघांपैकी एकालाच मिळणार होती.

अशा वेळी पेण-रोह्यातला कबड्डीवेडा माणूस स्वस्थ बसत नाही, हिशेब मांडतो. मुंबा जिंकला तर पाच गुण मिळणार होते. बरोबरी झाली तर तीन. आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरला, तरी एक गुण पदरात पडून तो टायटन्सच्या पुढे जाणार होता. म्हणजे टायटन्सना मुंबाची नुसती हार पुरणारी नव्हती, दाणदाण उडायला हवी होती. मुंबाने तो सामना 36-27 असा जिंकला आणि 71 गुणांसह पाचवा क्रमांक घेतला. जयपूर 70 गुणांवर सहावे राहिले. दोनच दिवसांनी पाटणा पायरेट्सने मुंबाची वाट अडवली, ती गोष्ट वेगळी.

या तक्त्यातली खरी गंमत विजयांच्या रकान्यात आहे. मुंबा, जयपूर आणि टायटन्स या तिघांनीही प्रत्येकी 12 सामने जिंकले होते. मुंबा आणि जयपूरने दोन-दोन सामने बरोबरीत सोडवले होते, टायटन्सने एकही नाही. मुंबाने थोडक्यात हरून पाच गुण जमवले होते, जयपूरने चार. 22 सामन्यांच्या साखळीत कोण किती चिवट होता, याची नोंद तो तक्ता ठेवत होता.

पुढच्याच हंगामात ही नोंद पुसली गेली. 2025 च्या बाराव्या पर्वात विजयाला दोन गुण आणि हरणाऱ्याला शून्य, मग तो एका गुणाने हरो की वीस गुणांनी. बरोबरी झालीच तर जादा चढायांवर निकाल लावायचा. साखळीतले सामने 22 वरून 18 वर आले आणि बारा संघांतून सहाऐवजी आठ पुढे जाऊ लागले. आयोजकांची बाजू समजते. जास्त संघ जिवंत राहिले तर जास्त लोक शेवटपर्यंत टीव्हीसमोर बसतात आणि साधा तक्ता नवख्या प्रेक्षकाला चटकन कळतो. पण बारातले आठ पुढे जाणार असतील, तर साखळीच्या शेवटच्या आठवड्यात घालवायला उरते काय? त्या हंगामात यू मुंबा आठांत आला आणि प्ले-इनच्या एका सामन्यात पुन्हा पाटण्याकडूनच हरून बाहेर पडला. पुणेरी पलटणने मात्र साखळीत अव्वल राहून अंतिम फेरी गाठली आणि 31 ऑक्टोबरला दबंग दिल्लीकडून 28-31 अशी हार पत्करली. या निकालांना अन्याय म्हणता येणार नाही. हरवली ती सामन्याच्या आतली लढाई.

जुन्या नियमात शेवटच्या पाच मिनिटांचे रूपच वेगळे असे. संघ अकरा गुणांनी मागे आहे, जिंकणे जवळपास हाताबाहेर गेलेले. तरी चढाईपटू बोनससाठी रेषेपर्यंत जीव तोडून जायचा, कारण फरक सातवर आणायचा असे. तीनच बचावपटू उरले असतील तर अव्वल पकडीसाठी कोपरारक्षक अंग झोकून द्यायचा. समोरचा संघही निवांत नसे, त्याला तो एक गुण नाकारायचा असे. आता तेवढ्याच पिछाडीवर चढाईपटू तीस सेकंद मध्यरेषेजवळ घालवून परत येतो. त्याला दोष कसा द्यायचा? नियमानेच त्याच्या धडपडीची किंमत शून्य केली आहे.

रायगडच्या मैदानांवर वाढलेल्या प्रेक्षकाला हे जास्त खटकायला हवे. भातकापणी उरकली की पेण आणि रोहा तालुक्यांत रात्रीच्या स्पर्धांचे दिवस सुरू होतात. प्रकाशझोत, बाजूला खुर्च्या, समालोचकाचा चढा आवाज आणि पहाटेपर्यंत हटायला तयार नसलेली गर्दी. पण यातल्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. टेम्पो करून लांबून आलेला संघ पहिल्याच सामन्यात दोन गुणांनी हरला की रात्रीचाच परत फिरतो. विशीच्या आतल्या मुलाला त्या रात्री जेमतेम एक सामना मिळतो. दडपणाखाली दुसऱ्यांदा उभे राहण्याची सवय त्याला लागणार कुठे?

म्हणून मागणी दोन्हीकडे करायला हवी. प्रो कबड्डीने सात गुणांच्या आतल्या पराभवाचा तो एक गुण परत आणावा आणि बाद फेरी पुन्हा सहा संघांची करावी. पहिले तीन अंतिम सामने खेळलेला यू मुंबा आणि 2024 च्या मार्चमध्ये विजेता ठरलेली पलटण, दोघांनाही या कसोटीची भीती असायचे कारण नाही. आणि जमल्यास साखळीचे काही सामने महाराष्ट्रात ठेवावेत. बारावे पर्व विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले, पेणहून खोपोलीमार्गे बालेवाडी गाठणाऱ्यांच्या वाट्याला काहीच आले नाही.

गावच्या मंडळांना याहून सोपे काम आहे. सोळा संघ बोलवायचे असतील तर चार-चारांचे चार गट करावेत, स्पर्धा दोन-तीन रात्री चालवावी आणि थोडक्यात हरणाऱ्याला एक गुण द्यावा. दिव्यांचा, पंचांचा आणि जेवणाचा खर्च वाढेल, हे खरे. तो पहिल्या बक्षिसाच्या रकमेतून आणि चषकांच्या उंचीतून सहज काढता येईल, आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतील.