बक्षीस लोकरीलाही हवे

प्रदर्शनात बैलाच्या गळ्यात हार पडतो, मेंढ्यावर गुलाल उधळतो. पण लोकर कातणाऱ्या बाईला बक्षीस मिळालेले कधी पाहिलेत का?

दक्षिण अमेरिकेत, पेरू देशाच्या उंच डोंगरांत अल्पाका नावाचे जनावर लोकरीसाठी पाळतात. ते उंटाच्या कुळातले. आता उत्तर अमेरिकेतही त्याची प्रदर्शने भरतात. तिथे जनावराची पारख वेगळी, लोकरीची वेगळी. कातरलेली लोकर टेबलावर मांडतात. तिचा बारीकपणा, एकसारखेपणा, तकाकी पाहतात. काडीकचरा निघाला की गुण कापले! म्हणून जाणते पाळणारे पोटापायांची राठ लोकर आधीच बाजूला काढतात. एका स्पर्धेत तर परीक्षक स्वतः लोकर कातून बघतात. हातांनी विणलेल्या शाली-टोप्यांनाही निराळी बक्षिसे असतात.

आपल्याकडेही धनगराच्या घरी बाया सूत काततात, ताण्याला चिंचोक्याची खळ लागते, तेव्हा कुठे घोंगडी उभी राहते. तिची पारख कोण करतो? यंदा यात्रा कमिटीला एवढेच सांगा: एक टेबल सुताचे आणि घोंगडीचे मांडा. मेंढ्याचे कौतुक झाले. आता त्या हातांचेही होऊ द्या.