वारशाने मिळणारे नागरिकत्व

1955 साली नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून गेलेले सत्याग्रही गोव्यात शिरले. त्याच गोव्यातील तरुण आज पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या आईवडिलांचे दाखले काढून पोर्तुगालचे नागरिकत्व मागतात. त्यांना देशद्रोही ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. 1986 साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि त्याच्या पारपत्राला श्रमाच्या बाजारात मोल आले. ओढ सालाझारच्या स्मृतीची नाही, युरोपातील मजुरीची आहे.

तिची किंमतही जबर आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या 9 व्या कलमानुसार परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. पुढे परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी झाली, तरी मताधिकार परत मिळत नाही.

शिवाय ज्याचे आईवडील सीमेअलीकडे सावंतवाडीत जन्मले, त्या मजुराला हे दार बंदच. दोघांचे श्रम सारखेच. फरक केवळ वारशाचा. वारशाने आलेल्या जमिनीवर कमाल मर्यादा मागणाऱ्या समाजवाद्यांनी या वारशाचाही विचार केला पाहिजे. तरुणांची निंदा करून हे स्थलांतर थांबणार नाही. गावातच सन्मानाचे काम व पुरेसे वेतन मिळाले, तरच मताधिकार गमावण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही.