शेळ्या दव सुकल्यावर सोडा

आमच्या चार शेळ्या आहेत. पावसाळ्यात मी शाळेच्या आधी भल्या सकाळी त्यांना गायरानात न्यायचो. श्रावणात आमच्या काळ्या करडाला हगवण लागली. मग त्याच्या जबड्याखाली मऊ सूज आली. आजी म्हणाली, नजर लागली. चौथ्या दिवशी ते मेले. मी जेवलो नाही.

गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले, त्याच्या पोटात जंत होते, ते रक्त पितात. जंतांची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात. पावसाळ्यात आठवडाभरात त्यांच्या बारीक अळ्या होतात आणि दवाच्या ओलीने गवताच्या पात्यावर चढतात. त्या डोळ्यांना दिसत पण नाहीत. उन्हाळ्यात रान वाळले की बहुतेक मरतात.

म्हणून मला वाटते, शेळ्या दव सुकल्यावरच सोडाव्यात. पण तोवर शाळेची घंटा होते. मग नेणार कोण? दादाने न्याव्यात, तो तसाही पारावर बसून असतो.

आणि एकट्याने औषध पाजून भागत नाही. गायरान सगळ्यांचे, लेंड्या पण सगळ्यांच्या. पालकांनो, मृगाच्या आधी सगळ्यांनी एकाच दिवशी जंताचे औषध पाजा. आमचे आबा हो म्हणालेत. बाकीच्यांना मी घरोघरी विचारतोय.

इयत्ता ४ थी