विनापरवाना उपकार

दुसऱ्याने खपून तयार केलेला व्हिडिओ उतरवून घ्यावा, कोपऱ्यातील त्याची नाममुद्रा कातरून टाकावी, तो आपल्या पानावर चढवावा आणि खाली ‘सौजन्य : इंटरनेट’ असे लिहून मोकळे व्हावे, या उद्योगास चौर्य म्हणणे हा निव्वळ कोतेपणा होय, असे एका विद्वानांनी अलीकडे मोठ्या आवेशाने प्रतिपादिले आहे. जे चव्हाट्यावर मांडले ते सर्वांचे. आम्ही त्यातून दमडी मिळवीत नाही. आणि आमच्यामुळे कर्त्यास प्रसिद्धी लाभते, सबब त्यानेच आमचे आभार मानावेत, अशी त्यांची त्रिसूत्री आहे.

पहिल्या दोन सूत्रांवर फार शाई खर्चण्याचे कारण नाही. वाचनालयाच्या मेजावर पुस्तक उघडे दिसले म्हणून ते छापण्याचा हक्क वाचकाकडे जात नाही. आणि १९५७ चा कॉपीराइट कायदा, जो नोंदणीवाचूनही कर्त्याचा हक्क मानतो, तो केवळ बिनमोबदला नक्कल केली म्हणून कोणास सरसकट माफी देत नाही.

राहता राहिली प्रसिद्धी. ती नेमकी कोणाची? हरिहरगडाच्या कातळपायऱ्यांशी पहाटेपासून कॅमेरा लावून बसलेल्या एखाद्या तरुणाचे चित्रण या मार्गाने गावोगाव पोहोचले, तरी पाहणाऱ्यांपैकी एकासही त्याचे नाव कळत नाही, प्रेक्षकसंख्या दुसऱ्याच्या खाती जमा होते, अभिप्राय दुसऱ्याच्या दप्तरी रुजू होतात, आणि वाट निसरडी झाली म्हणून त्याने मूळ चित्रणाखाली इशारा लिहिला किंवा ते काढूनच टाकले, तरी पळविलेली प्रत पर्यटकांना खुशाल त्याच वाटेने धाडीत राहते. बरे, हे औदार्य आजचेही नव्हे. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १९०२ साली चंद्रप्रवासाचा चित्रपट काढला, तेव्हा अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी त्याच्या प्रती बिनदिक्कत काढून विकल्या. चित्रपट तिकडे तुफान गाजला, कमाईचा मोठा वाटा मात्र नकलाकारांच्या गल्ल्यात गेला. आपल्या चित्रपटांची निशाणी असलेला तारा हा गृहस्थ नेपथ्यातच रंगवून ठेवीत असे. आमच्या विद्वानांच्या मते तोही बहुधा कोतेपणाच. पुढे १९०३ साली त्याला भावाकरवी न्यूयॉर्कात कचेरी उघडावी लागली. प्रसिद्धीने पोट भरत असते तर ही यातायात त्याने कशाला केली असती?

आमच्या मासिकांतही हा वाद जुनाच आहे. लेख न विचारता उचलावा, शेवटी ‘साभार’ छापावे, आणि लेखकाने पदरचे पैसे खर्चून अंक विकत घेतल्यावर त्याला स्वतःचेच आभार वाचावयास मिळावेत, ही परंपरा ज्यांनी निष्ठेने चालविली, त्यांचे वंशज छापखाना सोडून पडद्यावर आले, इतकेच. मूळ मालक सापडत नाही, ही त्यांची ठरलेली सबब. पण त्याची नाममुद्रा पुसावयाची वेळ आली की ती कोणत्या कोपऱ्यात आहे हे त्यांना बिनचूक सापडते.

मग करावे काय? नाव देणे आणि परवानगी घेणे ही दोन स्वतंत्र ऋणे आहेत. एक फेडल्याने दुसरे फिटत नाही. कलम ५७ तर असे सांगते की, हक्क विकून टाकल्यावरही कर्तृत्व सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. ज्याला केवळ दाखवावयाचे आहे त्याने मूळ दुवा पाठवावा. त्यात प्रेक्षक मूळ दारीच जातो. प्रत चढवावयाचीच असेल, तर आधी कर्त्यास लिहावे, आणि उत्तर न आल्यास तो नकार समजावा. यूट्यूबवर एखाद्याने आपणहून क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दिला असेल, तर विचारण्याचे कारण नाही, मात्र नाव द्यावेच लागते. समीक्षेसाठी किंवा चालू घटनेच्या वृत्तासाठी उचित अंश घेण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे, आणि ती कोणी आवळू पाहील तर तिच्या बाजूने मी या विद्वानांच्या शेजारी उभा राहीन. अट एवढीच की, ते ज्याला समीक्षा म्हणतात ती संपूर्ण चित्रणाखाली चिकटविलेल्या हसऱ्या तोंडाच्या इमोजीहून अंमळ मोठी असावी.