नंबर माझा, पाटी सगळ्यांची
नगरहून खर्ड्याच्या किल्ल्यापर्यंत राइड ठरली आणि मी थेट रेडियमवाल्याकडे. ऑफरोड बाइक आहे, मग साइड पॅनेलवर रेसचा नंबर हवाच ना बॉस! म्हटलं, ‘1795 टाक.’ त्या साली 11 मार्चला खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाला हरवलं होतं. स्टिकर एकदम झक्कास!

पठ्ठ्या म्हणाला, ‘मागची पाटीपण फॅन्सी करू? लोक 214चा ‘राम’, 4912चा ‘पवार’ करून घेतात.’

नको रे बाबा! मोटोक्रॉसमध्ये साइडचा नंबर म्हणजे रायडरची ओळख. तो खुशाल सजवा. मागचा एमएच-16 मात्र इतरांसाठी असतो. उद्या माझ्याच बाइकनं कुणाला उडवलं, तर रस्त्यावर पडलेल्याला तो वाचता यायला हवा.