धातूचा भाव

दोस्तांनो, आपल्या पोरांत एक नवा धंदा शिरलाय आणि कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. जुनी नाणी, जुन्या नोटा, तिकिटं, जुने अंक गोळा करायचे. जपायला नव्हे, वाचायला तर नव्हेच. दाबून ठेवायचे आणि भाव चढला की काढायचे. याला ते छंद म्हणतात. छंद! माझ्या बापाला आयुष्यभर एकच छंद होता, पोट भरायचा, आणि तोही त्याला नीट जमला नाही.

मी गोदीत माल वाहतो. मॅट्रिक झालोय, कविता करतो, त्यामुळे मुकादमाच्या दृष्टीनं दोन्हीकडून वाया गेलेला. गोदीत पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळते. पेटीत काय आहे ते हमालाला कोणी सांगत नाही, वजन तेवढं सांगतात. भाव मालकाला ठाऊक, दलालाला ठाऊक. आपल्या खांद्याला फक्त वजन. ही रीत काही गोदीनं शोधली नाही. मह्या हिंगोली जिल्ह्यात ती गोदीच्या कितीतरी आधीपासून आहे.

आमचा मुलूख निजामाचा. तिथं हाली सिक्का चालायचा, चारमिनारचा रुपया. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, पण नाणं १९५९ पर्यंत टिकून राहिलं. सात हाली म्हणजे सहा भारतीय रुपये असा हिशेब होता. आता मला सांगा, महारवाड्यात हा रुपया यायचा कुठून? बलुत्यात रुपया नव्हता. खळ्यावरचं उरलंसुरलं धान्य होतं, मेलेलं ढोर होतं, दारोदारची शिळी भाकर होती. तेव्हा आमच्या एखाद्या म्हातारीच्या गाडग्यात चारमिनारचे चार रुपये निघाले, तर ते तिनं कुठंतरी रोखीच्या कामावर जाऊन, पोटाला चिमटा घेऊन ठेवलेले असतात. तो तिचा इतिहास आहे. लिहिलेला नाही, गाठीला बांधलेला आहे.

आणि मग दारात येतो हा छंदवाला. "आज्जी, चांदी काळी पडली की. काय करती ठेवून? मोडीत घाल." खिशातून छोटा काटा काढतो. वजन करतो. घट धरतो. मोडीच्या भावानं पैसे मोजतो आणि वर म्हणतो, तुमच्यासाठी दोन रुपये जास्तच दिले. तोच रुपया मुंबईत काचेखाली जातो, आणि तिथं वजनाचं नाव कोणी काढत नाही. तिथं साल बघतात, टांकसाळीची खूण बघतात, काठ झिजलाय का बघतात. आपल्या आजच्या नाण्यांवरसुद्धा सालाखाली चौकट असली की मुंबई, चांदणी असली की हैदराबाद, आणि तेवढ्या ठिपक्यानं कधी कधी भाव फिरतो. म्हातारीच्या हातात तो धातू होता. याच्या हातात गेला की नाणं झालं.

मह्या सख्ख्या मावशीकडून असेच रुपये गेले. घेणारा परका असता तर मी हा लेख लिहिला नसता, शिवी देऊन मोकळा झालो असतो. घेणारा आपल्यातला. "जय भीम आज्जी" म्हणत उंबऱ्यावर टेकला, पाणी प्याला. सराफ आला असता तर मावशीनं दार अर्धंच उघडलं असतं. याला गाडगं काढून दाखवलं. म्हणजे बाबासाहेबांच्या नावाची किल्ली करून यानं घर उघडलं! त्याला मी गाठून विचारलं तर म्हणतो, जबरदस्ती केली का? दोघांच्या राजीखुशीचा सौदा होता.

राजीखुशी! एकाला भाव माहीत, दुसरीला नाही, याला राजीखुशी म्हणायचं का? नाण्यावरची फारशी अक्षरं मावशीला वाचता येत नाहीत, मराठीही येत नाहीत. कामून येत नाहीत? शाळेच्या ओट्याखाली कुणी बसवलं, कुणी हाकललं, हे तुला नव्यानं सांगायचं का रे? तिला वाचता आलं असतं तर तुझा धंदा त्याच दिवशी बुडाला असता. तुझं भांडवल तुझ्या खिशात नाही, तिच्या अडाणीपणात आहे. सावकारानं अंगठ्यावर केलं तेच तू काट्यावर करतोस. वसमतच्या मोंढ्यात हळदीची बोली निदान शेतकऱ्याच्या तोंडासमोर लागते. लुटतात तिथंही, पण आकडा तरी कानावर पडतो. तुझ्या सौद्यात बोली लावणारा तू एकटा, आणि आकडा माहीत असलेलाही तू एकटा.

कोणी म्हणेल, संग्राहक नसते तर हे सगळं भट्टीत वितळलं असतं. खरं आहे. जो ठेवतो, दाखवतो, दोन पोरांना सांगतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. गोदीत एक जण परदेशी पाकिटांवरची तिकिटं पोरीसाठी सोडवून नेतो, त्याला मी स्वतः शोधून देतो. भांडण आहे ते विकण्यासाठीच विकत घेणाऱ्याशी. त्याला वस्तू टिकलेली हवी असते आणि वस्तूचा मालक अडाणी राहिलेला हवा असतो.

याचं सगळ्यात मोठं रूप बघायचं तर पिप्रहवा बघा. उत्तर प्रदेशात, नेपाळच्या सीमेला लागून. १८९८ साली विल्यम पेप्पे नावाच्या गोऱ्या जमीनदारानं तिथला स्तूप खणला, म्हणजे मजुरांकडून खणवला. दगडी पेटीत तथागताचे अस्थिधातू निघाले आणि सोबत शेकडो रत्नं. अस्थी सयामच्या राजाला गेल्या, बरीचशी रत्नं कलकत्त्याच्या म्युझियमला. काही 'जोडीचे नग' म्हणून पेप्पेकडं राहू दिले. जोडीचे नग! श्रद्धेनं वाहिलेल्या वस्तूत जोडीचा नग कुठला असतो? २०२५ च्या मे महिन्यात पेप्पेच्या वंशजांनी ती हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात काढली. अंदाज दहा कोटी हाँगकाँग डॉलरच्या आसपास. भारत सरकारनं नोटीस धाडली, जगभरचे बौद्ध ओरडले, लिलाव थांबला. जुलैत रत्नं भारतात आली. कशी? गोदरेज उद्योगसमूहानं विकत घेतली म्हणून. आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण टाळी थांबल्यावर विचार करा. चोरीचा माल परत यायचा तर त्याला गिऱ्हाईक लागलं. खणणाऱ्या मजुराचं नाव कुठंच नाही. आमच्या भाषेत धातू म्हणजे बुद्धाचे अवशेष आणि बाजारात धातू म्हणजे वजन करायचा माल, हा फरक त्या लिलावात कुणाच्या लेखी उरला होता?

पण साहेबालाच कशाला शिव्या घालायच्या? बाबासाहेबांचा जन्मशताब्दीचा रुपया, १९९० साल असलेला, काही जण शेकड्यानं दाबून बसलेत. ज्यानं १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला त्याच्या चेहऱ्याचा रुपया चढ्या भावानं त्याच्याच लेकरांना विकायचा! 'मूकनायक' १९२० चा, 'बहिष्कृत भारत' १९२७ चा. त्याचा एखादा मूळ अंक रद्दीत सापडला की पहिला प्रश्न काय, तर कितीला जाईल. १९६७ साली दिल्लीच्या अलीपूर रोडवरच्या बंगल्यात बाबासाहेबांचे कागद अंगणात फेकले गेले आणि पावसात भिजले. वसंत मून यांनी ही हकीकत लिहून ठेवलीय. मूननीही गोळाच केलं, आयुष्यभर केलं. पण दाबलं नाही, छापलं. १९७९ पासून ते खंड निघाले आणि स्वस्तात घरोघर गेले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकं विकणाराही पैसे घेतोच की. तो वाचणाऱ्याच्या हातात देतो. तू वाचणाऱ्याच्या हातातून काढून घेतोस.

आता विहिरीच्या कामावर असलेल्यांसाठी. खणताना गाडगं लागलं तर मालक आणि दलाल मिळून तुम्हाला पोलिसाची भीती घालतील आणि शंभराच्या दोन नोटा हातावर ठेवतील. १८७८ चा निखात निधी कायदा असा आहे: दहा रुपयांवरचा ऐवज सापडला की कलेक्टरला लेखी कळवायचं. जुना हक्कदार निघाला नाही आणि वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. लपवलं तर हक्कही जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इंग्रजानं लिहिलेल्या कायद्यातही खणणाऱ्याला तीन हिस्से आहेत! आपल्या छंदवाल्याच्या वहीत एकही नाही.

तेव्हा १४ एप्रिलला गावी जाल तेव्हा आपल्या म्हातारीला गाडगं उघडायला सांगा. एकेक रुपया तिच्यासमोर वाचा, साल काय, राजा कोणता, मुंबईत आज काय भाव आहे तेही सांगा. मग ती विको नाहीतर गाठ पुन्हा बांधो. आणि या अंकाच्या जुन्या प्रती मागायला कोणी आला तर छापील किमतीलाच द्या, एक पैसा वर नको. फक्त आधी हा लेख त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.