औषध मानवले नाही? मग त्याची नोंदही व्हावी

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात वापरणाऱ्याने 'इथे काहीतरी बिघडतंय' एवढे कळवले तरी तक्रार नोंदली जाते. बिघाडाचे कारण सिद्ध करून आणा, असे त्याला कोणी सांगत नाही. औषधांबाबतही नियम हाच आहे, पण तो फार थोड्यांना माहीत आहे.

भारताचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. रुग्ण कोण, त्रास काय, संशय कोणत्या औषधावर आणि कळवणारा कोण, एवढ्यावर नोंद होऊ शकते. पुरावा लागत नाही, शंका पुरते. रुग्णाची ओळख गुप्त राहते. कळवले म्हणजे डॉक्टरवर ठपका ठेवला, असेही नाही. १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर सामान्य माणूसही कळवू शकतो.

पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतले जाणारे मेफेनॅमिक अ‍ॅसिड घ्या. त्याने क्वचित 'ड्रेस' नावाची गंभीर रिअ‍ॅक्शन होऊ शकते : ताप, पुरळ, आतल्या अवयवांना इजा. कमिशनने २०२३च्या अखेरीस हा इशारा दिला, तो अशाच नोंदींच्या आधारे.

आपल्या वस्त्यांत या नोंदी जास्तच गरजेच्या आहेत. मालेगाव, भिवंडी, मुंब्र्यात एकाच घरात डॉक्टरची गोळी, हकीमसाहेबांचे माजून आणि मेडिकलवाल्याने दिलेली पुडी एकाच वेळी चालू असते. त्रास झाला की 'औषध गरम पडलं' म्हणून विषय संपतो. डॉक्टरांसमोर संकोचणारी बाई हेच नर्सला मोकळेपणाने सांगते. ती नर्स किंवा फार्मासिस्ट आज आपल्याच कॉलेजात शिकते आहे.

तिला 'फार्माकोव्हिजिलन्स'ची व्याख्या पाठ असून भागणार नाही. काय काय घेता, युनानी आणि घरगुतीसकट. कधी सुरू केले. बंद केल्यावर त्रास थांबला का, हे विचारण्याचा सराव हवा. म्हणून नर्सिंग, फार्मसी, बीयूएमएस आणि एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रशिक्षणाच्या काळात शिक्षकांच्या देखरेखीखाली किमान एक खरी नोंद पाठवलीच पाहिजे. युनानी औषधांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी व्यवस्था आहे, तीही शिकवावी.

यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. आपल्या संस्थाचालकांनी मनावर घेतले तर येत्या सत्रापासून सुरुवात होऊ शकते. गरिबाला झालेला त्रास कुठेच लिहिला गेला नाही, तर सरकारच्या लेखी तो झालेलाच नसतो.